बाइंडरआत्या आणि गाळलेला लोकरीचा प्रसंग

नाही नाही, खळीच्या पातेल्यात मांजर पडलं ती गोष्ट काल संपली. मांजर वाचलं, खळ वाया गेली, आणि पुढचे आठ दिवस ते मांजर कडक इस्त्रीच्या पायजम्यासारखं ताठ चालत होतं, इथपर्यंत झालं. पण ज्या बाइंडरआत्यानं त्याला कोमट पाण्यात बुचकळून माणसात, म्हणजे मांजरात आणलं, तिची खरी गोष्ट तर राहूनच गेली. भरसभेत स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेऊन वर सभा जिंकणारं माणूस आयुष्यात एखादंच बघायला मिळतं.

आत्या वाचनालयाची बाइंडर. भाचीची ती आत्या, म्हणून गल्लीची आत्या, आणि पुढे पुढे तर तिच्याहून वयानं मोठे असलेले ग्रंथपालसुद्धा तिला आत्याच म्हणायला लागले. वाचनालयाच्या मागच्या अंगाला, जिन्याखालून वाकून गेलं की तिची लांबट खोली लागायची. खिडकीशी टेबल, टेबलावर पुस्तकं दाबायचं लोखंडी यंत्र, घड्या दाबून पक्क्या करायची हाडाची पट्टी, मेण लावलेला दोरा, आणि कोपऱ्यात मंद आचेवर खळीचं पातेलं. अठराव्या वर्षी ती इथे वडिलांच्या हाताखाली आली, आणि आता चौपन्नाची झाली होती. मधल्या काळात खिडकीची काच दोनदा बदलली, टेबल तेच राहिलं.

आता बाइंडिंग म्हणजे काय, हे दोन वाक्यांत सांगितलंच पाहिजे, नाहीतर पुढची मजा कळायची नाही. पुस्तक काही एकेका सुट्या पानाचं नसतं. मोठा कागद छापून त्याच्या घड्या घालतात, सोळा पानांचा एक गठ्ठा होतो, त्याला म्हणतात फर्मा. असे फर्मे एकावर एक ठेवून कण्याला शिवायचे. प्रत्येक फर्म्याच्या पहिल्या पानावर तळाशी बारीक आकडा असतो. तो आकडा पाहून क्रम लावायचा. क्रम चुकला की नायक आधी मरतो आणि मग जन्माला येतो.

वडील म्हणायचे, "बाइंडरनं खालचा आकडा वाचावा, वरची गोष्ट वाचू नये. गोष्ट वाचणारा बाइंडर म्हणजे वाढता वाढता जेवणारा वाढपी. पंगत उपाशी राहते."

आत्या आकडा वाचायचीच, पण गोष्टही वाचायची. शाळा सातवीपर्यंत झालेली, बाकीचं सगळं शिक्षण खळीच्या वासात. भूगोल वाळेपर्यंत इतिहास वाचायचा, इतिहास दाबाखाली गेला की कादंबरी. आणि एवढं करूनही तिचा एक बाणा होता, तो ती येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायची, "छत्तीस वर्षांत माझ्या टेबलावरून उलटसुलट पुस्तक गेलेलं नाही. एक दाखवा, मी सुई खाली ठेवीन."

कोण दाखवणार? कुणाची छाती नव्हती.

त्या वर्षी या बाण्याला फार महत्त्व आलं, कारण शहराच्या दुसऱ्या टोकाच्या दफ्तरखान्याला बाइंडर हवा होता. दफ्तरखान्यात तीनशे वर्षांचे कागद. नकाशे, निवाडे, सावत्र भावांनी एकमेकांना लिहिलेली कडाकडा भांडणारी पत्रं. सगळं पुन्हा शिवून काढायचं, तीन वर्षांचं काम. आत्या एकोणीस वर्षांची असताना वडिलांबरोबर एकदा तिथे गेली होती. एका जाड वहीचा कणा तिनं बोटानं चाचपला. अडीचशे वर्षांपूर्वीचा टाका, आणि जागचा हललेला नाही. शिवणाऱ्याचं नाव कुठेच नव्हतं. परतताना ती वाटभर गप्प होती, आणि आत्या गप्प असणं म्हणजे घड्याळ बंद पडण्यासारखं; वडिलांनी दोनदा विचारलं, पोट दुखतंय का म्हणून.

तेव्हापासून पस्तीस वर्षं ते दार तिच्या डोळ्यांपुढे होतं. आता ते उघडायच्या बेतात होतं. तिथल्या अधिकारी बाई, सदा हातात पांढरे मोजे घातलेल्या, म्हणून गावभर मोजेबाई, दोनदा खोलीत येऊन टाके बघून गेल्या होत्या. जाताना एवढंच म्हणाल्या होत्या, "आमच्याकडे एक कागद इकडचा तिकडे गेला, तर एखाद्याची जमीन शेजाऱ्याची होते. मला हुशार हात नको, बिनचूक हात हवा."

"मग योग्य खोलीत आलात," आत्या म्हणाली होती.

आणि नेमका तेव्हाच तो सिनेमा लागला.

तो सिनेमा ज्या पुस्तकावरून काढला होता, त्याला वाचनालयात सगळे पंचखंडी म्हणायचे. पाच जाडजूड खंड. त्यात उडते साप, बोलणारे दगड, सात वर्षं न संपणारी रात्र, आणि या सगळ्यातून राज्य मिळवणारा एक पाथरवटाचा मुलगा. वाचनालयात पाचही खंडांची एकेकच प्रत. पुढे छपाई बंद झाली, बाजारात पुस्तक मिळेना, त्यामुळे अख्ख्या गावानं पंचखंडी वाचली ती त्याच एका संचातून. एकेका खंडासाठी सहा सहा महिने नंबर लावून. नवरा-बायकोत अबोला असला तरी तिसरा खंड कुठे आलाय एवढं एकमेकांना सांगायचे.

सिनेमा पाहून लोक बाहेर आले ते भांडतच. साप उत्तम होते, त्याबद्दल तक्रार नव्हती. पण लोकरीचा प्रसंग कुठे गेला?

लोकरीचा प्रसंग चौथ्या खंडातला. पाथरवटाचा मुलगा एका म्हातारीच्या झोपडीत शिरतो. म्हातारी त्याला ओळखत नाही. ती त्याला समोर बसवते, त्याचे दोन्ही हात पुढे करायला लावते, आणि त्या हातांवर लोकरीची लडी अडकवून गुंडा गुंडाळायला लागते. दोघं एक शब्द बोलत नाहीत. गुंडा पुरा होईपर्यंत तो हात पसरून बसून राहतो. बस्स, सोळा पानं हेच. आणि सिनेमात यातलं एक पानही नव्हतं.

आठवडाभर वाचनालयात शांतता राखा ही पाटी शरमेनं खाली बघत होती. शेवटी ग्रंथपाल वैतागले. म्हणाले, "हे असं कपाटाआड कुजबुजून भांडण्यापेक्षा रविवारी संध्याकाळी रीतसर सभा घ्या. विषय, लोकरीचा प्रसंग गाळला ते बरं झालं की वाईट. एक वक्ता इकडचा, एक तिकडचा, आणि शेवटी हात वर करून निकाल."

गाळला ते बरं झालं म्हणणारा मिळायला वेळ लागला नाही. थिएटरचा ऑपरेटर. तीस वर्षं पडद्यामागे, म्हणजे पडद्यासमोरच्या भोकामागे, यंत्र चालवणारा, आणि जिभेला हाड नसलेला माणूस. दुसऱ्या बाजूनं उभी राहिली आत्याची भाची. चष्म्याच्या दुकानात लोकांचे नंबर काढायची आणि पंचखंडी तिला तोंडपाठ होती. लहानपणी आत्याच्या टेबलाखाली बसून तिनं ती तीनदा वाचली होती.

रविवारी वाचनकक्षात खुर्च्या कमी पडल्या. लोक खिडक्यांच्या कठड्यावर बसले. आत्या शेवटच्या रांगेत. आणि तिच्या शेजारची खुर्ची रिकामी पाहून येऊन कोण बसलं, तर मोजेबाई!

"तुम्ही? पंचखंडी वाचता?" आत्यानं विचारलं.

"नाही हो. तुम्हालाच शोधत आले. मंगळवारपर्यंत नाव वर कळवायचंय. पत्र तयार आहे." त्यांनी पिशवीवर हात ठेवला. "सभा होऊ दे, मग बोलू."

आत्याच्या अंगावर मूठभर मांस चढलं. ती खुर्चीत जरा उंच बसली.

ऑपरेटरनं सुरुवात केली. "मंडळी, तीन तासांच्या सिनेमात एक माणूस आठ मिनिटं हात पसरून बसणार, आणि एक म्हातारी लोकर गुंडाळणार. तुम्ही काय कराल? चहा प्यायला बाहेर जाल. मी सांगतो, मला तीस वर्षांचा अनुभव आहे. एकदा रिळांची गाडी उशिरा आली, मी एका सिनेमाचं पाचवं रीळ न लावताच सहावं लावलं. कुणाला कळलं? कुणालाही नाही! एक गृहस्थ बाहेर पडताना म्हणाले, आजचा खेळ आटोपशीर झाला. जे काढलं तरी कळत नाही, ते लागतच नव्हतं. साधा हिशोब आहे."

हशा आणि टाळ्या. ऑपरेटरनं वाकून नमस्कार केला.

मग भाची उठली. चौथा खंड हातात घेतला आणि पोरीला कंठ फुटला. "हा प्रसंग कधी घडतो ते आठवा. युद्ध संपलंय. पाथरवटाचा मुलगा जिंकलाय. बाहेर सगळं सैन्य त्याच्या नावानं ओरडतंय, मुकुट तयार आहे. आणि तो कुठे जातो? झोपडीत. ज्या हातांनी दिवसभर माणसं कापली, ते हात म्हातारी लोकरीनं बांधते. हात लोकरीत अडकले की तलवार उचलता येत नाही. आणि तो हात काढून घेत नाही! मुकुट घातला तेव्हा तो राजा झालाच नाही, तो झाला इथे, या झोपडीत. सिनेमावाल्यांनी प्रसंग गाळला असं म्हणू नका. त्यांनी राजाच गाळला!"

टाळ्यांनी काचा वाजल्या. शेवटच्या रांगेत आत्यानं मोजेबाईंना कोपरानं ढोसलं, "माझी भाची."

ऑपरेटर मात्र हसत होता. त्यानं पिशवीतून एक कोरं करकरीत पुस्तक काढलं. "सिनेमाच्या निमित्तानं पंचखंडी पुन्हा छापलीय बरं का. परवा आलेल्या पार्सलात चौथा खंड मिळाला, काल सबंध वाचला. ताई, तुम्ही म्हणता युद्धानंतर?"

"हो, युद्धानंतर."

"इथे तर युद्धाच्या आदल्या संध्याकाळी आहे." त्यानं पान उघडून पुढच्या रांगेला दाखवलं. "अजून एक माणूसही मेलेला नाही. हात स्वच्छ, तलवार म्यानात, मुकुटाचा पत्ता नाही. ताई, लोकांना चष्मे देता, आपला घरी विसरलात काय?"

सभा खो खो हसली. भाचीनं ते पुस्तक घेतलं, पान उलटलं, पुन्हा उलटलं.

"आणि गंमत बघा," ऑपरेटर म्हणाला, "ज्यांना प्रसंगाचा एवढा पुळका, त्यांना तो कुठे येतो हेच ठाऊक नाही! मग असला काय, नसला काय?"

"पण आमच्या पुस्तकात तसंच आहे!" भाची जवळजवळ रडत म्हणाली. "सगळ्यांनी तसंच वाचलंय!"

ते खरं होतं. लोक एकमेकांकडे बघायला लागले. ग्रंथपालांनी दोन्ही पुस्तकं शेजारी ठेवली, चष्मा वर केला, खाली केला, आणि निवाडा दिला, "छापखान्याची चूक. जुना छापखाना होता, मालक तर कधीच वारले. गडबडीत छापलं असेल मागेपुढे."

सगळ्यांनी माना डोलावल्या. मेलेला माणूस काही उलट बोलत नाही. विषय मिटलाच होता.

आत्या उठून टेबलाशी गेली. जुना चौथा खंड हातात घेतला, मधोमध उघडून पुस्तकाचा कणा दोन बोटांनी फाकवला. आत टाके होते. दर तिसऱ्या टाक्याला दुहेरी गाठ. अशी गाठ गावात एकच हात मारायचा.

आणि तिला सगळं आठवलं. बावीस वर्षांपूर्वी, वडील जाऊन महिना झाला होता. वाचनालयानं पंचखंडीचा संच जुन्या बाजारातून नुकताच घेतला होता, आणि त्यातला हा खंड तिच्याकडे आला तो खिळखिळा होऊन, फर्मे सुटे, सुरुवातीची अनुक्रमणिका फाटलेली. आधी दोनदा बांधून झालेला, दोन्ही वेळा कडा कापलेल्या, त्यात तळाचे आकडे कापले गेलेले. पानांचे गेले, फर्म्यांचेही गेले. मग तिनं काय केलं? गोष्ट वाचली. वाचून क्रम लावला. सगळे फर्मे बसले, एक उरला. लोकरीचं प्रकरण बरोबर सोळा पानांचं, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत एकाच फर्म्यात. त्यात कुणी बोलत नाही, कसला उल्लेख नाही. कुठेही ठेवा, सांधा दिसत नाही. तिनं तो युद्धाच्या आधी ठेवून पाहिला, नंतर ठेवून पाहिला. आणि नंतर वाचताना तिला रडू आलं. महिनाभर आलं नव्हतं, ते तेव्हा आलं. म्हणून तिनं तो तिथेच शिवला, आणि मनाशी पक्कं केलं की हाच खरा क्रम.

आता बघा माणसाचं काय होतं ते. छापखान्यावर खापर फुटलेलं. शेवटच्या रांगेत पिशवीत तयार पत्र घेऊन मोजेबाई बसलेल्या. नुसतं पुस्तक मिटून जागेवर जाऊन बसायचं, की पस्तीस वर्षांचं दार उघडं. समोर भाची खाली मान घालून उभी होती, आणि तिच्या पलीकडे भिंतीला ते नाव नसलेले, मेलेले छापखानेवाले उभे आहेत असं आत्याला वाटलं.

"छापखान्याची चूक नाही," ती म्हणाली. "माझी आहे."

ग्रंथपाल म्हणाले, "आत्या, कशाला उगाच..."

"उगाच नाही. टाका माझा, गाठ माझी. आकडे कापले गेले होते, मी गोष्ट वाचून फर्मा लावला, आणि चुकीच्या जागी लावला. छत्तीस वर्षं सांगत आले, एक दाखवा, सुई खाली ठेवते म्हणून. हे घ्या, दाखवलंत." आणि तिनं साडीच्या पदराला सदा टोचलेली सुई काढून टेबलावर ठेवली. टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी सभा, त्यात सुईच ठेवली. सगळ्यांना ऐकू आली.

मागे वळून मोजेबाईंकडे बघायची तिची हिंमत झाली नाही.

"पण आता उभीच आहे तर बोलून घेते," ती म्हणाली. "ऑपरेटर, तुझा हिशोब काय? काढलं तरी कळत नाही, ते लागत नव्हतं. बरोबर?"

"बरोबर," ऑपरेटर म्हणाला. त्याचाही आवाज जरा उतरला होता.

"मी प्रत्येक पुस्तकाला दोन्ही टोकांना कोरी पानं लावते. कधी दोन, कधी चार, कागद असेल तशी. छत्तीस वर्षांत एक माणूस तरी विचारायला आला का, की आत्या, या वेळी दोनच का? ती पानं खरंच लागत नाहीत रे. इकडची तिकडे लाव, गोष्टीला काही होत नाही. आणि हा एक फर्मा? मी तो फक्त युद्धाच्या पलीकडे सरकवला. एक अक्षर बदललं नाही. आणि काय झालं? बावीस वर्षं या गावानं वेगळंच पुस्तक वाचलं! लिहिणाऱ्यानं प्रसंग आधी ठेवला, तर उद्या मारायला निघालेले हात आज म्हातारीचं घरकाम करतात, आणि आपण काय गमावणार हे पोराला कळतं. मी नंतर ठेवला, तर तेच हात मारून आलेले. सगळा अर्थ पालटला. एवढा जड दगड आहे तो! आधी ठेवा, गोष्ट एका बाजूला वळते. नंतर ठेवा, दुसऱ्या बाजूला वळते. काढून टाकलात, तर वळतच नाही. नुसती सापांच्या मागे पळत सुटते. मी चूक केली नसती ना, तर या प्रसंगात किती वजन आहे हे कुणाला कधी कळलं नसतं!"

कुणी टाळी वाजवली नाही. लोक विचार करत होते, आणि विचार करणारी सभा टाळ्या विसरते.

तेवढ्यात खिडकीच्या कठड्यावरून एक आडदांड माणूस उतरला. बॉक्सिंगचे सर. नाक दोनदा मोडलेलं, त्यामुळे ते कायम चुगली करत असल्यासारखे एका बाजूला बघत. त्यांनी घसा खाकरला.

"आमच्या तालीमखान्यात एक रीत आहे, ती सगळ्यांना माहीत आहे. सामना संपला की जिंकलेल्यानं हरलेल्यासमोर बसायचं. हरलेला हात पुढे करतो. जिंकलेल्यानं त्याच्या हातांच्या पट्ट्या सोडायच्या आणि गुंडाळून द्यायच्या. दोन्ही हातांच्या. गुंडाळून होईपर्यंत कुणी उठायचं नाही. बाहेरगावची पोरं हसतात आधी. मग त्यांची पाळी आली की हसत नाहीत. ही रीत मी सुरू केली, एकोणीस वर्षांपूर्वी. या पुस्तकावरून. या प्रतीवरून. प्रसंग युद्धाआधी वाचला असता तर मला ते सुचलंच नसतं. तेव्हापासून माझ्या तालीमखान्यातून बाहेर जाऊन कुणी मारामारी केलेली नाही. आत्या, तुमची चूक झाली असेल. पण ती सुई उचला आधी, मला बघवत नाही."

आता मात्र टाळी पडली, आणि पडली ती थांबेना. मागचे लोक खुर्च्यांवर चढले. भाची एका हातानं डोळे पुसत होती आणि दुसऱ्या हातानं आत्याचा दंड असा धरून होती, की दुसऱ्या दिवशी तिथे चार बोटं उमटलेली निघाली.

ऑपरेटर पुढे आला. हात वर करून त्यानं सगळ्यांना गप्प केलं. "मंडळी, मघाशी मी एक गोष्ट अर्धीच सांगितली. पाचवं रीळ गाळलं तेव्हा कुणाला कळलं नाही, हे खरं. पण दुसऱ्या दिवशी मी ते घाईत सातव्याच्या नंतर लावलं. तेव्हा लोकांनी पडद्यावर चपला फेकल्या. त्यातली एक अजून माझ्या खोलीत आहे. डाव्या पायाची."

"मग काय कळलं तुला?" आत्यानं विचारलं.

"हेच, की प्रेक्षक झोपलेला नसतो." आणि निकालासाठी ग्रंथपालांनी हात वर करायला सांगितले, तेव्हा प्रसंग गाळला हे वाईटच झालं असं म्हणणारा पहिला हात ऑपरेटरचा. त्याच्यामागून सगळा वाचनकक्ष. ग्रंथपाल मोजायला लागले, वीसवर गेल्यावर त्यांनी नाद सोडला आणि स्वतःचाच हात वर केला.

लोक भाचीला खांद्यावर घ्यायला निघाले, ती म्हणाली आत्याला घ्या, आत्या म्हणाली खबरदार. या सगळ्या गलक्यातून वाट काढत मोजेबाई टेबलाशी आल्या. त्यांनी मोजे काढले. त्यांचे उघडे हात गावात त्या दिवशी पहिल्यांदा कुणी पाहिले असतील. त्यांनी जुना खंड उघडला आणि टाक्यांवरून बोट फिरवलं. बराच वेळ.

आत्या म्हणाली, "बाई, तुम्हाला बिनचूक हात हवा होता. माझा तसा नाही, हे आता सगळ्यांसमोर झालं. पत्र परत नेलंत तरी माझा राग नाही."

"छापखानेवाले तर गेलेलेच होते," मोजेबाई म्हणाल्या. "तुम्ही गप्प बसला असता, तर मला कधी कळलं असतं?"

"कधीच नाही."

"माझ्या आधी दफ्तरखान्यात चार बाइंडर होऊन गेले. चौघंही बिनचूक, निदान त्यांच्या तोंडून तरी. त्यांनी गुपचूप इकडचे तिकडे शिवलेले कागद शोधण्यात माझी अकरा वर्षं गेली. चुकणारा हात मला चालेल हो, सापडलेली चूक लपवणारा चालत नाही." त्यांनी पिशवीतून पत्र काढून आत्याच्या हातात दिलं. "मंगळवारी सकाळी या. आकडे नसलेले कागद आमच्याकडे ढिगानं आहेत. प्रत्येकाला आपण दोघी मिळून जागा शोधू, आणि नाही सापडली तर नाही सापडली असं त्याच्यावर लिहून ठेवू."

भाचीनं पत्र आत्याच्या हातातून घेऊन मोठ्यानं वाचून दाखवलं, तेव्हा पुन्हा एकदा काचा वाजल्या. बॉक्सिंगच्या सरांनी ती सुई उचलून अलगद, दोन जाडजूड बोटांत धरून, आत्याला परत दिली.

मोजेबाई दारापर्यंत गेल्या आणि वळल्या. "आत्या, एक विचारू? आता तुम्हाला खरा क्रम कळलाय. लिहिणाऱ्यानं प्रसंग आधी ठेवलाय, हेही कळलंय. तरी अगदी मनापासून सांगा, तो कुठे असायला हवा होता?"

आत्यानं क्षणभरही विचार केला नाही.

"युद्धानंतरच, बाई. पण ते मी आता लिहिणाऱ्याला पत्रानं कळवीन, सुईदोऱ्यानं नाही."